स्वागत पहिल्या यादीचे, तिसऱ्या यादीचे काय?

जुलै-ऑगस्ट आला की विद्यापीठांच्या निमंत्रणपत्रिका फिरू लागतात. 'पदव्युत्तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा स्वागत समारंभ', कुठे 'उद्बोधन सप्ताह', कुठे सरळ 'इंडक्शन', तर अलीकडे 'दीक्षारंभ'. अशी एखादी पत्रिका हातात आली तर नीट वाचून पाहा. अध्यक्षस्थानी कुलगुरू. प्रमुख पाहुणे एखादे उद्योजक किंवा निवृत्त सनदी अधिकारी. विशेष उपस्थिती प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, व्यवस्थापन परिषदेचे सन्माननीय सदस्य. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'सर्व विद्यार्थ्यांनी कार्यक्रमापूर्वी १५ मिनिटे आसनस्थ व्हावे'. ज्यांचे स्वागत करायचे आहे त्यांच्या वाट्याला आख्ख्या पत्रिकेत हे एकच वाक्य येते, आणि तेही आज्ञार्थी.

आत सभागृहात काय होते ते सांगायला नको. दीपप्रज्वलन, विद्यापीठ गीत, मग पाहुण्यांचा सत्कार. शाल, ग्रंथ, हल्ली पर्यावरणाच्या नावाने एक रोप. स्वागतासाठी बोलावलेली पोरे खुर्चीत बसून तासभर दुसऱ्यांचे स्वागत पाहतात आणि टाळ्या वाजवतात. त्यानंतर भाषणे. स्वप्ने मोठी पाहा, मोबाइलपासून दूर राहा, आमच्या वेळी अमुक नव्हते, तुम्हाला सगळे मिळाले आहे. शेवटी आभारप्रदर्शन, त्यात मंडपवाल्याचेही नाव येते. मग चहा-बिस्किटे.

मला समारंभाचा राग नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा हायस्कूलचा मास्तर आहे, बीएड करून या पेशात आलो त्याला बराच काळ लोटला. आमच्या शाळेत सूत्रसंचालन कायम माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे हार-तुऱ्यांचे काम मला चांगलेच माहीत आहे. समारंभ लांबला म्हणून कुणाचे आयुष्य बिघडत नाही. माझी तक्रार त्याच्या तारखेविषयी आहे. तारीख ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण कुणाला या देशात 'या, बसा' म्हटले जाते आणि कुणाला नाही, हे मला त्या तारखेत लख्ख दिसते.

पदव्युत्तर प्रवेशाचे गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागतो, मग अर्ज, मग पहिली गुणवत्ता यादी. यादीत नाव आले की दोन-तीन दिवसांत कागदपत्रे दाखवायची आणि फी भरायची. ज्याने भरली त्याची जागा पक्की. मग दुसरी यादी, तिसरी यादी, आणि शेवटी रिकाम्या जागांसाठी 'स्पॉट'. हे सगळे कधीकधी सप्टेंबरपर्यंत चालते. वर्ग मात्र पहिल्या-दुसऱ्या यादीनंतर सुरू होतात आणि स्वागत समारंभ त्याच आठवड्यात उरकला जातो.

आता तिसऱ्या यादीत कोण असते? कमी मार्कांची मुले असतात, हे खरे. पण तेवढेच खरे नाही. पहिल्या यादीत नाव येऊनही ज्याच्या बापाकडे त्या तीन दिवसांत रोख पैसे नव्हते, तो असतो. ज्याचा निकाल दुसऱ्या विद्यापीठाने राखून ठेवला होता, तो असतो. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला असतो. आमच्या तांबोळी, पिंजारी, बागवान, मोमीन घरांतल्या मुलांना ओबीसीचा हक्क आहे हे अनेकांना पदवी संपेपर्यंत कळलेलेच नसते, मग दाखल्यांची पळापळ. आणि आमच्या मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असते, जे कोणत्याही अर्जात लिहायला जागा नाही. घरात 'जाऊ द्यायचे की नाही' हा निर्णय लागायलाच महिना जातो. मामू, चाचा, मोठा भाई, सगळ्यांची बैठक होते. होकार येतो तेव्हा दोन याद्या होऊन गेलेल्या असतात.

म्हणजे घरात आधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलेले नाही, शहरात ओळख नाही, खिशात पैसे नाहीत, अशी मुले नेमकी उशिरा येतात. ज्यांना कुणीतरी दारात उभे राहून 'ये' म्हणण्याची सर्वात जास्त गरज आहे, ती पोहोचेपर्यंत मंडप उतरवलेला असतो. आणि ज्यांच्या घरी काका प्राध्यापक आहेत, ताई त्याच विभागातून शिकून गेली आहे, त्यांना पहिल्या रांगेत बसवून सांगितले जाते की ग्रंथालय कुठे आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी एक माजी विद्यार्थिनी, दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे तालुक्याच्या कॉलेजातून बीए. तिला एमए करायचे होते, आणि तेही मराठीत. तिचे वडील गाद्या भरतात. मला म्हणाले, "सर, आप साथ में चलो ना, हमको वहाँ कौन पूछेगा." गेलो. शहर आणि विद्यापीठ यांची नावे सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच सगळीकडे आहे.

विभाग शोधत आम्ही एका खिडकीशी पोहोचलो. तिथल्या गृहस्थांनी मुलीचा स्कार्फ पाहिला, अर्जावरचे नाव पाहिले आणि अगदी प्रेमाने, मदत करायच्या सुरात म्हणाले, "उर्दू विभाग पलीकडच्या इमारतीत आहे बरं का." ती म्हणाली, "सर, मराठीच. एमए भाग एक, मराठी." ते गृहस्थ ओशाळले, मनाने वाईट नव्हते. पण त्या मुलीने बीएला मराठीत कॉलेजात पहिला नंबर काढला होता, आणि विद्यापीठाने तिच्याशी बोललेले पहिले वाक्य हे होते. तिचे स्वागत झाले ते असे.

स्वागत समारंभ आठ दिवसांपूर्वी होऊन गेला होता. त्यात एक पुस्तिका वाटली होती, ती संपली होती. विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता, वेळापत्रक, सूचना, वर्ग कुठल्या खोलीत हे सगळे त्यावरच. तो गट समारंभाच्या दिवशी तयार केला होता, जे हजर होते त्यांचे नंबर घेऊन. उशिरा आलेल्यांना त्यात कोण घेणार हे कुणाला माहीत नव्हते. पहिल्या चाचणीची तारीख तिला चाचणीच्या आदल्या संध्याकाळी कळली, तीही कँटीनमध्ये.

आणि वसतिगृह? त्याचा अर्ज वेगळा भरायचा असतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर समजले. प्रवेशाची पावती जोडल्याशिवाय तो अर्ज घेत नाहीत. प्रवेश तिसऱ्या यादीत, म्हणजे पावती तेव्हाची. वसतिगृहाच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपलेली. विनंती अर्ज करा, जागा राहिल्या तर बघू. सव्वा महिना ती मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या वडिलांच्या चुलत बहिणीकडे राहिली. दोन बस बदलून यायची. सकाळी आठचा तास तिने त्या सव्वा महिन्यात फार तर चार-पाच वेळा पाहिला. दरम्यान आम्ही भाड्याने खोली शोधली. दलाल फोनवर गोड बोलायचा, भाडे ठरायचे, मग नाव विचारायचा. नाव सांगितले की खोली 'आत्ताच गेलेली' असायची किंवा 'मालक फॅमिलीलाच देतात' असे निघायचे. एका बाईंनी मात्र स्पष्ट सांगितले की आमच्याकडे तुमच्या लोकांना देत नाहीत. मला त्या बाईंचा राग आला नाही. निदान त्यांनी पुढची फेरी वाचवली.

मी शब्दांचा माणूस, म्हणून शब्दांकडे वळतो. उर्दूत स्वागताला 'इस्तिकबाल' म्हणतात. या शब्दाच्या पोटात 'सामोरे जाणे' आहे. पाहुणा येतो आहे हे कळल्यावर यजमानाने उठून, वेशीबाहेर काही कोस पुढे जाऊन त्याला घेऊन येणे म्हणजे इस्तिकबाल. आपल्या मराठी लग्नातले सीमांतपूजन हेच आहे. वऱ्हाड गावाच्या सीमेवर आले की मुलीकडचे तिथे जात. आता तेही कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये होते ही गोष्ट वेगळी. आणि याच अरबी धातूपासून 'मुस्तकबिल' हा शब्द बनतो, म्हणजे भविष्य. जे समोरून येत आहे ते. आमच्या विद्यापीठांनी इस्तिकबालचा अर्थ उलटा केला आहे. यजमान स्टेजवर बसतो आणि पाहुण्याने १५ मिनिटे आधी येऊन आसनस्थ व्हायचे.

महाराष्ट्राला हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. शिकायला आलेल्या पोराचे स्वागत कसे करतात ते या मातीत शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले गेले आहे, आणि त्याची सुरुवात भाषणाने होत नव्हती, खोलीने होत होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे काढायला सुरुवात केली. खेड्यातला मुलगा शहरात शिकत नाही याचे कारण बुद्धी नसणे हे नसून पाठ टेकायला जागा नसणे हे आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंग काढले आणि सगळ्या जातिधर्मांच्या पोरांना एका पंगतीला बसवले. पोरांना खायला घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आज कुलगुरू आपल्या स्वागतपर भाषणात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव तीनदा घेतात. त्याच दिवशी, त्याच आवारात, वसतिगृहाची यादी लागलेली नसते. शाहू महाराजांच्या दरबारात असा कार्यक्रम झाला असता तर आयोजकांचे काय झाले असते याची कल्पना करायला मला आवडते.

यावर विद्यापीठातली मित्रमंडळी जे म्हणतात तेही मांडतो, कारण त्यातले काही खरे आहे. एक म्हणतात, 'ही एमएची मुले आहेत, एकवीस-बावीस वर्षांची. बोट धरून किती चालवायचे?' हा युक्तिवाद ऐकायला मर्दानी वाटतो. पण बोट धरून चालवणे आणि दारावर पाटी लावणे यांत फरक आहे. आमचा एक माजी विद्यार्थी एमएस्सीला जर्मनीत गेला. पहिल्या आठवड्यात त्याला कुणी स्वप्ने पाहायला सांगितले नाही. नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद किती दिवसांत करायची, आरोग्यविमा कसा काढायचा, बँकेत खाते कसे उघडायचे, परीक्षेची नोंदणी स्वतःची स्वतः करावी लागते ती कुठे, हे सांगितले. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी त्यांना गटागटाने गावभर हिंडवले. तोही तेव्हा बावीस वर्षांचाच होता. जर्मनीत सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. खोली मिळवताना त्याचेही हाल झाले आणि नावाचा त्रास तिथेही आहे. पण माहिती देणे म्हणजे लाड करणे, ही समजूत तिथे कुणाची नव्हती.

दुसरे म्हणतात, 'माणसे कुठे आहेत? निम्मे विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात.' हे मात्र खरे आहे आणि मी मान्य करतो. ज्या प्राध्यापकाला स्वतःला दिवाळीपर्यंत मानधन मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याने तुमचे-आमचे स्वागत कुठल्या तोंडाने करायचे? पण मग मंडप, पत्रिका, शाली आणि पाहुण्यांची गाडी यांना जो पैसा आणि माणूसबळ लागते ते कुठून येते? दोन शिपाई आणि एक लिपिक तीन दिवस त्या समारंभाच्या खुर्च्या मोजत असतात. तेच तिघे तिसऱ्या यादीच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळ एक टेबल टाकून बसले तर?

आणि नियमांचेही थोडे बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. मी ती वाचली आहे. नावाबद्दल कुणाला काही म्हणायचे असेल तर म्हणो, आतला मजकूर वाईट नाही. नव्या मुलाला रुळू द्या, त्याचे शिक्षकांशी आणि मोठ्या विद्यार्थ्यांशी नाते जोडा, संस्थेचे नियम समजावून सांगा, असा तिचा सूर आहे. पण ती मुख्यतः पदवीच्या पहिल्या वर्षासाठी लिहिली आहे. एमए-एमएस्सीचा विद्यार्थी जणू विद्यापीठ जन्मतःच जाणतो, असे सगळ्यांनी धरून चालले आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या कॉलेजात तीन वर्षे काढलेल्या मुलासाठी विद्यापीठाचे आवार हे पूर्ण नवे जग असते. तिथे प्राचार्य नसतो, विभागप्रमुख असतो. वर्गशिक्षक नसतो. हजेरी कोण घेतो ते कळत नाही. श्रेयांक, क्रेडिट बँक, संशोधन पद्धतीचा पेपर, इंटर्नशिप, नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेले हे शब्द त्याने आधी ऐकलेले असतात, पण त्यांचे करायचे काय हे कुणी सांगितलेले नसते.

जे प्रश्न मुले खरोखर विचारतात ते त्या व्यासपीठावरून कधीच ऐकू येत नाहीत. मुलींची फी माफ झाली म्हणतात, मग माझी का घेतली? शासनाचा २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे, एमए मराठी त्यात बसत नाही, हे त्या मुलीच्या वडिलांना मीच सांगितले, पावती हातात असताना. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर बँकखाते आधारशी जोडलेले लागते, नुसते खाते असून चालत नाही. किती मुलांचे पैसे केवळ या एका कारणाने अडकतात, हे कुठल्याही लिपिकाला विचारा. हे सांगायला तीन मिनिटे लागतात. सनदी अधिकाऱ्यांच्या भाषणाला चाळीस.

हा आग्रह मी का धरतो? उच्च शिक्षणाच्या केंद्र सरकारी पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये देशभरातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुसलमानांचे प्रमाण ४.६ टक्के होते. लोकसंख्येत ते २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के. आदल्या वर्षी २१ लाख मुले होती, त्या वर्षी १९ लाखांवर आली. सच्चर समितीचा अहवाल येऊन तेव्हा १४ वर्षे झाली होती. मौलाना आझाद राष्ट्रीय छात्रवृत्तीचे काय झाले तेही आपण पाहिले. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक मुलांना मिळणारी ही छात्रवृत्ती बंद करत असल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितले गेले. अशा काळात पदवी ओलांडून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जी मुलगी पोहोचते, ती किती चाळण्यांतून गळून उरलेली असते याचा विचार करा. पहिली ते दहावी माझ्यासमोर एका वर्गात चाळीस मुली असतात. त्यांतली एखादी तिथे पोहोचते. तिला तिथे पहिल्या महिन्यात चाचणीची तारीख कळत नाही म्हणून ती परत आली, तर चाळीसांतली एक गेली असे मी मोजत नाही. तिच्या मागे येऊ पाहणाऱ्या पुढच्या दहा मुलींच्या घरी 'बघा, काय झाले तिचे' असे म्हटले जाते. गावात ही बातमी निकालापेक्षा वेगाने फिरते.

आता आपल्या लोकांकडे. विद्यापीठाला बोल लावणे सोपे, कारण ते शंभर-दोनशे किलोमीटरवर असते. आमच्या कस्ब्यात दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालानंतर तीन-तीन गुणगौरव सोहळे होतात. एक जमातीचा, एक तरुणांच्या संघटनेचा, एक निवडणूक जवळ असेल तर नगरसेवकाचा. शादीखान्यात गर्दी होते. ट्रॉफी, घड्याळ, सॅक. तकरीर होते की इल्म हासिल करणे प्रत्येक मर्द-औरतवर फर्ज आहे. सगळे 'बेशक' म्हणतात. मग पाच वर्षांनी त्यातलीच एखादी मुलगी एमएला जायचे म्हणते, तेव्हा हे सगळे फर्जवाले कुठे असतात? तेव्हा विचारतात, 'अकेली लडकी शहर में?' अरे, मग दुकेली करा ना तिला! ज्या शहरात विद्यापीठ आहे त्याच शहरात तुमच्या जमातीची पन्नास घरे आहेत, तुमचे साडू-व्याही आहेत, मशिदीला लागून रिकामे माळे आहेत. एका सोहळ्याच्या ट्रॉफींच्या पैशांत दोन खोल्यांचे भाडे वर्षभर निघते. चार मुली, एक खाला देखरेखीला. कोल्हापूरच्या राजाने आपल्यासाठी १९०६ मध्ये जे केले, ते २१ व्या शतकात आपण आपल्यासाठी करू शकत नाही?

अलीगढला शिकून आलेले बुजुर्ग तिथली एक रीत सांगतात. सीनियर आणि ज्युनियर एकत्र चहाला बसले की पैसे सीनियरनेच द्यायचे. ज्युनियरने खिशात हात घातला तर तो सीनियरचा अपमान. मला ही रीत फार आवडते. 'इंट्रो' घेण्याच्या नावाखाली तिथे आणि सगळीकडेच काय-काय चालत आले आहे हेही मला ठाऊक आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण चहाचे पैसे द्यायची रीत ठेवण्यासारखी आहे. माझी ती विद्यार्थिनी आता भाग दोनला आहे. यंदा तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून तिसऱ्या यादीत येणाऱ्या सगळ्यांचे नंबर खिडकीशी उभे राहून घेतले आणि गटात टाकले. विभागाने त्याला हरकत घेतली नाही. मदतही केली नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. वसतिगृहाची यादी आणि प्रवेशाची यादी एकाच दिवशी लावा. प्रत्येक वसतिगृहात काही जागा शेवटच्या यादीसाठी राखून ठेवा, रिकाम्या राहिल्या तर मग वाटा. स्वागत एकदाच करायचे असेल तर ते शेवटची यादी लागल्यावर करा. आधी करायचेच असेल तर दोनदा करा, आणि दुसऱ्यांदा पाहुण्यांना बोलावू नका. व्यासपीठावर कुलसचिव नकोत, शिष्यवृत्तीचा लिपिक, रेक्टर आणि भाग दोनचे चार विद्यार्थी बसवा. आणि विभागाचा गट कुणा प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडू नका, प्रवेशाची पावती निघाली की नंबर त्यात गेला पाहिजे.

यंदा जे जात आहेत त्यांच्यासाठी, माझ्या मुलांनो आणि बेटियांनो, हे लिहून ठेवा. टीसी आणि गुणपत्रिका मूळ प्रत देण्याआधी तीन-तीन झेरॉक्स काढा, मूळ प्रत दिली की तिची पोच लेखी घ्या. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज आजच करा, ते एका दिवसात मिळत नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशापासून वेगळा असतो का हे पहिल्याच दिवशी विचारा. बँकेत जाऊन खाते आधारशी जोडले आहे का ते स्वतः बघा, घरच्यांच्या सांगण्यावर राहू नका. कुणी रॅगिंग केले तर १८००-१८०-५५२२ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, नाव न सांगताही तक्रार घेतात. मुलींनी अंतर्गत तक्रार समितीचे फलक कुठे लावले आहेत ते पाहून ठेवा. खिडकीतून 'उद्या या' म्हटले तर कुणाला भेटायचे, किती वाजता, हे विचारूनच हला. आणि कुणी तुम्हाला पलीकडच्या इमारतीत पाठवले तर हसून सांगा की तुम्ही योग्य इमारतीत आला आहात. बाकी काही अडले तर मला फोन करा, शाळा पाचला सुटते, त्यानंतर कधीही.